पैनगंगेच्या दोन काठांवरील बंदूक : यवतमाळ जिल्हा आणि शस्त्रपरवान्याच्या हद्दीचा प्रश्न

प्रस्तावना

शस्त्रपरवाना हा कागद तीन गोष्टींना एकत्र बांधतो : माणूस, शस्त्र आणि प्रदेश. यांपैकी पहिल्या दोहोंविषयी इतिहासलेखनात पुष्कळ चर्चा झाली आहे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांच्या हातातील शस्त्र काढून घेतले व युरोपियनांना मोकळीक दिली, हा विषय राष्ट्रीय चळवळीच्या बहुतेक ग्रंथांत येतो. तिसऱ्या गोष्टीकडे, म्हणजे 'सदर परवाना कोणत्या क्षेत्रात ग्राह्य राहील' या परवान्यावरील रकान्याकडे, मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले आहे. वास्तविक रीतसर पैसे मोजून, पावती घेऊन, पोलिसांच्या चौकशीतून पार पडून विकत घेतलेली बंदूक या एका रकान्यामुळे जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या सीमेवर निराळ्या कायदेशीर अवस्थेत जाते. बंदूक तीच, धारक तोच. बदलते ती केवळ पायाखालची जमीन.

यवतमाळ जिल्हा या रकान्याच्या इतिहासासाठी विशेष उपयुक्त आहे. जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणारी पैनगंगा गेल्या पावणेदोनशे वर्षांत वेगवेगळ्या प्रकारची सीमा ठरली. काही काळ ती एकाच सार्वभौमाच्या दोन प्रशासनांमधील रेषा होती, काही काळ भारतीय संघराज्य व हैदराबाद संस्थान यांमधील रेषा होती, आणि आज तिचा पूर्वेकडील भाग महाराष्ट्र व तेलंगण यांमधील रेषा आहे. परवान्यावरील हद्द कागदावर स्थिर दिसत असली तरी जमिनीवर ती सरकत राहिली. आणि बंदूक हद्दीपलीकडे कोणी न्यावी, हे रकान्यातील अक्षरांपेक्षा शासनाच्या तत्कालीन गरजेवर अधिक ठरत आले, असे या इतिहासावरून दिसते. २०१८ मधील टी-१ वाघिणीच्या प्रकरणाकडेही याच दृष्टीने पाहावे लागते.

एक सार्वभौम, दोन कायदे

२१ मे १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपविला. सार्वभौमत्व निजामाचेच राहिले. 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स' हे या प्रदेशाचे सरकारी नावच त्याच्या संदिग्ध अवस्थेची साक्ष देते. आजच्या यवतमाळचा बराचसा भाग तेव्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९०५ च्या पुनर्रचनेत बाशीम म्हणजे वाशीम जिल्हा मोडून त्यातील पुसदचा प्रदेश इकडे जोडण्यात आला व जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. तत्पूर्वी १९०२ च्या करारान्वये वऱ्हाड वार्षिक २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या भाडेपट्ट्याने इंग्रजांकडे आले होते आणि १९०३ मध्ये ते मध्यप्रांताला जोडले गेले होते.

या व्यवस्थेचा परिणाम शस्त्रांच्या बाबतीत मोठा चमत्कारिक झाला. १८७८ च्या कायद्याच्या सहाव्या कलमानुसार ब्रिटिश हिंदुस्थानात जमिनीवरून वा समुद्रमार्गे शस्त्र आणणे किंवा तेथून बाहेर नेणे यास परवाना लागे. शस्त्र बाळगण्याचा कायदेशीर अधिकार असलेल्या व्यक्तीने स्वतःच्या उपयोगासाठी वाजवी प्रमाणात शस्त्र नेल्यास सूट होती. परंतु वऱ्हाड काटेकोर अर्थाने ब्रिटिश हिंदुस्थान नव्हतेच. ब्रिटिश कायदे तेथे आपोआप चालत नसत. परमुलखातील अधिकारितेच्या आधारे गव्हर्नर जनरलच्या आदेशाने ते लागू करावे लागत. हा पेच इतका दीर्घकाळ टिकला की, १९४१ मध्ये वऱ्हाडातील कायद्यांविषयी स्वतंत्र अधिनियम करावा लागला.

आता पैनगंगेच्या काठी उभे राहून पाहावे. नदीच्या पलीकडे माहूर, किनवट, हदगाव हा निजामाचा मुलूख. अलीकडे पुसद, उमरखेड, केळापूर हाही नावाने निजामाचाच मुलूख. माहूरच्या रेणुकेच्या यात्रेला जाणारा पुसदचा वतनदार आपली बंदूक बरोबर नेत असेल, तर तो सार्वभौम बदलत नव्हता, पण कायदा बदलत होता. राजसत्ता एक आणि शस्त्रसत्ता दोन, अशी ही अवस्था होय.

या भागात शस्त्रबंदीची निकड इंग्रजांना का वाटली, याचे उत्तर १८५७ च्या उठावाइतकेच निजामी मुलखातील रोहिले व अरब शिबंदीच्या वावरात शोधले पाहिजे. पगार थकलेल्या या सशस्त्र टोळ्या वऱ्हाडच्या गावांतून खंडणी वसूल करीत. १८५९ मध्ये रिसोडजवळ चिचांबा येथे रोहिल्यांशी झालेली चकमक प्रसिद्ध आहे. म्हणजे हद्दीपलीकडून येणारी बंदूक हा वऱ्हाडी प्रशासनाच्या दृष्टीने पहिल्यापासून भीतीचा विषय होता. ही भीती निराधार नव्हती, हेही येथे मान्य केले पाहिजे. शस्त्र कायद्याचा विचार करताना केवळ वसाहतवादी कावा एवढेच पाहण्याची सवय अभ्यासकांना लागली आहे. गावकऱ्यांना रोहिल्यांपासून मिळालेला दिलासा त्या मांडणीत हरवतो.

बंदूक विशिष्ट प्रदेशातच निषिद्ध ठरण्याचे साम्राज्यव्यापी उदाहरणही याच कालखंडातील आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रिटिश सरकारने .४५० व्यासाच्या रायफली व काडतुसे हिंदुस्थान आणि सुदान येथे नेण्यास मनाई केली. जुन्या लष्करी मार्टिनी-हेन्री रायफलींना उपयोगी पडेल असा दारूगोळा बंडखोरांच्या हाती जाऊ नये, हा हेतू होता. लंडनमध्ये उजळ माथ्याने विकत घेतलेली शिकारी रायफल मुंबई बंदरात निषिद्ध ठरू लागली. परिणामी इंग्लंडमधील बंदूक बनविणाऱ्या कंपन्यांनी .४६५, .४७०, .४७५ अशा किंचित मोठ्या व्यासांच्या रायफली बाजारात आणल्या आणि वाघ-गव्याची शिकार पूर्ववत चालू राहिली. बंदी प्रदेशावर होती. पळवाट व्यासातून निघाली. स्वतंत्र भारतातही लष्करी .३०३ सर्वसामान्य परवानाधारकाला निषिद्ध आणि ईशापूर कारखान्यात तयार होणारी .३१५ मात्र चालते, यामागील तर्क तोच आहे.

विळा आणि बंदूक

राष्ट्रीय सभेने शस्त्र कायद्याविरुद्ध आपल्या आरंभीच्या अधिवेशनांपासून ठराव केले आणि १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत नोंदविला. राज्यघटनेत तो उतरला नाही. यवतमाळमध्ये या प्रश्नाला वेगळेच वळण मिळाले. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदच्या जंगलात गवत कापून जंगल सत्याग्रह केला. शेतीच्या व घरगुती कामासाठीच घडविलेले अवजार शस्त्र या व्याख्येत येत नाही, हे शस्त्रविषयक कायद्याचे जुने तत्त्व आहे. त्यामुळे विळा हाती घेणारा शस्त्र कायद्याखाली निर्दोष आणि त्याच विळ्याने राखीव जंगलातील गवत कापणारा वन कायद्याखाली अपराधी, असा तो प्रकार होता. पुढे यवतमाळमधील बंदुकीचा प्रश्नही शस्त्र कायद्यातून निघून वन कायद्याच्या दारात गेला. त्याची ही पूर्वखूण म्हणता येईल.

१९४७-४८ : सीमेवरील छावण्या

१५ ऑगस्ट १९४७ रोजी पैनगंगेचा अर्थ एका रात्रीत बदलला. उत्तरेकडील वऱ्हाड भारतीय संघराज्यात होते आणि दक्षिणेकडील हैदराबाद संस्थान विलीनीकरणास नकार देत होते. २९ नोव्हेंबर १९४७ चा जैसे थे करार झाला, परंतु शस्त्रांच्या पुरवठ्यावरून दोन्ही बाजूंत कलह चालूच राहिला. भारत सरकारने हैदराबादचा शस्त्रपुरवठा रोखून धरला. निजाम सरकारने परदेशातून विमानाने शस्त्रे आणविली. सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाचे नाव त्यासाठी कुप्रसिद्ध झाले.

या काळात हैदराबाद स्टेट काँग्रेसने संस्थानाच्या सीमेलगत भारतीय हद्दीत छावण्या उभारल्या. यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड हे त्यांपैकी एक महत्त्वाचे ठिकाण होते. निजामाचे जकात नाके व पोलीस चौक्या यांवर सशस्त्र हल्ले करून परत भारतीय हद्दीत यावे, अशी या सीमालढ्याची पद्धत होती. नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँकेवर ३० जानेवारी १९४८ रोजी घातलेला छापा हे मराठवाड्यातील या लढ्याचे सर्वाधिक गाजलेले उदाहरण होय.

कायद्याचा विद्यार्थी येथे थबकतो. १८७८ चा शस्त्र कायदा रद्द झालेला नव्हता. तो स्वतंत्र भारतातही चालू होता. भारतीय हद्दीत शस्त्रे जमविणे व ती दुसऱ्या राज्यात नेणे हे त्या कायद्याच्या दृष्टीने गुन्हाच होते. तथापि सीमेवरील प्रशासनाची सहानुभूती छावण्यांना होती आणि या लढ्याचे नैतिक अधिष्ठान निर्विवाद होते. रझाकारांच्या अत्याचाराने गावेच्या गावे नदी ओलांडून वऱ्हाडात आश्रयाला येत असताना परवान्याचा रकाना कोण पाहणार? मुक्तिसंग्रामाच्या गौरवशाली इतिहासात ही बाब गौण मानली जाते, आणि ते समजण्यासारखेही आहे. तरीही तिची नोंद आवश्यक आहे. हद्द ओलांडणारी बंदूक १८५९ मध्ये लुटारूची होती, १९४८ मध्ये ती मुक्तिसैनिकाची झाली. नदी तीच होती. शासनाची नजर बदलली होती. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने हा अध्याय संपला.

राज्यपुनर्रचना आणि नवा कायदा

१ नोव्हेंबर १९५६ रोजी आदिलाबाद जिल्ह्यातील मराठी भाषक किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्यात आले. किनवट नांदेड जिल्ह्याला जोडला गेला. त्यामुळे माहूर-किनवटच्या समोरील पैनगंगा राज्याची सीमा न राहता दोन जिल्ह्यांमधील सीमा झाली, तर पांढरकवडा, झरी-जामणी या बाजूची पैनगंगा आंध्र प्रदेशाची सीमा झाली. एकाच नदीचे असे दोन तुकडे पडले. २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य निर्माण झाले आणि पलीकडच्या काठाचे नाव पुन्हा बदलले. या सर्व काळात काठावरच्या परवानाधारकाने जागा सोडली नसली तरी त्याच्या परवान्यावरील 'लगतचे राज्य' मात्र बदलत गेले.

शस्त्र हा विषय घटनेच्या सातव्या अनुसूचीत संघसूचीमध्ये आहे. १९५९ चा शस्त्र अधिनियम व १९६२ चे शस्त्र नियम यांनी साऱ्या देशाला एक कायदा दिला. परंतु परवाना देणारा हात जिल्हादंडाधिकाऱ्याचाच राहिला. कायदा अखिल भारतीय आणि परवाना सामान्यतः जिल्ह्यापुरता किंवा राज्यापुरता, ही विसंगती तेव्हापासूनची. क्षेत्रवाढीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या ३१ मार्च २०१० च्या धोरणाने अखिल भारतीय ग्राह्यता मंत्री, संसद सदस्य, लष्करी व अखिल भारतीय सेवेतील अधिकारी, क्रीडापटू अशा मोजक्या वर्गांपुरती ठेवली व इतरांसाठी जास्तीत जास्त तीन लगतच्या राज्यांची मर्यादा घातली. अमेरिकेत १९८६ च्या संघीय कायद्याने, बंदूक भरलेली नसेल व सहज हाताशी येणार नाही अशी ठेवलेली असेल, तर दोन्ही टोकांना ती कायदेशीर असल्यास मधल्या राज्यांतून ती नेण्याचे संरक्षण प्रवाशाला दिले आहे. असा सर्वसाधारण हक्क भारतीय परवानाधारकाला नाही. येथे प्रवास हाही मेहेरबानीचा विषय आहे.

मेहेरबानीची बाजारपेठही निर्माण होते. २०१२ ते २०१६ या काळात जम्मू-काश्मीरमधून पावणेतीन लाखांहून अधिक परवाने दिले गेले व त्यांतील अनेक बनावट कागदपत्रांच्या आधारे राज्याबाहेरील लोकांना मिळाले, असे केंद्रीय अन्वेषण विभागाचे म्हणणे आहे. परवान्यांची राष्ट्रीय माहितीसूची व प्रत्येक धारकास विशिष्ट ओळख क्रमांक ही पद्धत सक्तीची होण्यास जी कारणे घडली, त्यांत असे प्रकार होतेच.

हद्द ओलांडल्यास शिक्षा काय, हा प्रश्न वरवर वाटतो तितका सोपा नाही. तो परवान्याच्या अटीचा भंग मानला तर कलम ३० अन्वये सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तेच विनापरवाना शस्त्र बाळगणे मानले तर कलम २५ लागू होते व तेथे किमान कारावास ठरलेला आहे. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी तो एक वर्षाचा होता. म्हणजे धारकाला परवाना असलेला माणूस समजायचे की हद्दीबाहेर गेल्यामुळे परवाना नसलेला, यावर सारे अवलंबून राहते.

ठासणीची बंदूक आणि पाहुणी रायफल

यवतमाळच्या ग्रामीण भागात मात्र हद्द राज्याची नसते, शेताची असते. १९५९ च्या कायद्याने पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्यास तुलनेने उदार तरतूद ठेवली आहे. पण तो परवाना ज्या क्षेत्रासाठी व ज्या कारणासाठी दिला, त्याच्याशीच जखडलेला असतो. त्यातच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणखी एक रेषा आखली. अभयारण्यात लेखी परवानगीविना शस्त्रासह प्रवेश निषिद्ध झाला. अभयारण्याच्या आत व सभोवतालच्या दहा किलोमीटरांत राहणाऱ्या परवानाधारकाने नोंदणी करणे बंधनकारक झाले आणि त्या परिसरात नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीशिवाय देता येईनासा झाला. जिल्ह्यात पैनगंगा अभयारण्य आहे. १९९७ मध्ये टिपेश्वर अभयारण्य घोषित झाले. पांढरकवडा, घाटंजी परिसरातील शेतकऱ्याच्या बंदुकीभोवती अशा प्रकारे शस्त्र कायद्याचे एक आणि वन्यजीव कायद्याचे दुसरे कुंपण पडले. रानडुकरे कपाशी-तुरीत शिरतात तेव्हा या कुंपणांचा जाच कोणाला होतो, हे वेगळे सांगावयास नको.

या पार्श्वभूमीवर टी-१ वाघिणीचे प्रकरण घडले. पांढरकवडा वनविभागातील राळेगाव परिसरात २०१६ पासून १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका या वाघिणीवर ठेवण्यात आला. त्यांपैकी सर्व मृत्यू तिच्यामुळेच झाले काय, याविषयी मतभेद राहिले. गावकरी शेतावर जाण्यास धजत नव्हते. तिला बेशुद्ध करून पकडावे व ते न जमल्यास ठार करावे, या आदेशात सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. वनविभागाने हैदराबादचे शिकारी नवाब शफत अली खान यांना पाचारण केले. हैदराबादच्या शिकाऱ्यांना परराज्यातून असे बोलावणे नवीन नव्हते. २०१६ मध्ये बिहारच्या मोकामा भागात नीलगायी मारण्यासाठी तेथील सरकारनेही तेच केले होते.

२ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ वाघीण ठार झाली. गोळी शफत अली खान यांचे पुत्र असगर अली यांनी झाडली. वाघिणीने उघड्या वाहनावर चाल केल्याने स्वसंरक्षणार्थ गोळी झाडावी लागली, असे त्यांच्या बाजूने सांगण्यात आले. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीने आपल्या अहवालात असगर अली हे प्राधिकृत नव्हते असे नमूद केले आणि प्राधिकरणाच्या कार्यपद्धतीबरोबरच शस्त्र अधिनियमाच्या कलम ३(१) व भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याचा भंग झाल्याचे म्हटले.

कलम ३(१) परवान्याशिवाय बंदूक संपादन करण्यास, जवळ बाळगण्यास वा वाहून नेण्यास मनाई करते. त्याला एक अपवाद आहे : परवानाधारकाच्या उपस्थितीत किंवा त्याच्या लेखी अधिकाराने, दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी अथवा धारकाच्या स्वतःच्या उपयोगासाठी दुसरी व्यक्ती बंदूक नेऊ शकते. प्राधिकृत शिकारी शफत अली खान त्या रात्री बोराटीत नव्हते, ते बिहारमध्ये होते. या एका अनुपस्थितीने 'उपस्थितीत' या शब्दाला केवढे वजन आले, हे लक्षात घ्यावे.

प्रकरणाची जाहीर चर्चा मुख्यतः 'कोणी मारले' आणि 'मारणे टाळता आले असते काय' या दोन प्रश्नांभोवती फिरली. वन्यप्राणिप्रेमी एका बाजूला व बळी पडलेल्यांची कुटुंबे दुसऱ्या बाजूला, अशी ती विभागली गेली. 'परराज्यातून आलेल्या बंदुकीचा कागद कोणी तपासला' हा रुक्ष प्रश्न दोन्ही बाजूंना महत्त्वाचा वाटला नाही. परंतु शासनाच्या जबाबदारीचा धागा नेमका याच प्रश्नात आहे. परराज्यातील धारकाला स्थानिक प्रशासन पाचारण करते, तेव्हा त्याच्या परवान्याचे क्षेत्र, बंदुकीचा क्रमांक आणि ती प्रत्यक्ष चालविणाऱ्या माणसाचे नाव यांची जुळणी पाचारण करणाऱ्यानेच करावयाची असते. शेतातल्या ठासणीच्या बंदुकीबाबत ही जुळणी पोलीस पाटलापासून तहसीलदारापर्यंत अनेक हात करतात. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा महामार्ग पांढरकवड्यावरून जातो आणि राज्याच्या सीमेआधी पिंपळखुटी येथे तपासणी नाका लागतो. तेथे मालमोटारींची कागदपत्रे पाहिली जातात.